कशात सर

सरांना एकदा सणकून ताप भरला होता. डोळे मिटलेले, अंगावर दोन चादरी, आणि काकू कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. डॉक्टरांनी थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला आणि काकूंना हळूच सांगितलं, "एकशे दोन आहे." चादरीखालून क्षीण आवाज आला, "कशात?" डॉक्टर सरांचेच जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "फॅरनहाइटमध्ये, सर. सेल्सिअसमध्ये असता तर विचारायला तुम्ही उरला नसता." "मग तसं म्हणावं," असं म्हणून सर कूस बदलून झोपले. हा किस्सा काकू मला दर वर्षी सांगायच्या आणि दर वर्षी ताप अर्ध्या डिग्रीने वाढायचा. एकशे चारवर गेला तेव्हा सरांनीच हरकत घेतली.

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे 'कशात सर' म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त वेळापत्रकावर आणि पगारपत्रकावर असावं. ते फिजिक्स शिकवायचे, पण त्यांचा खरा विषय एकच होता. आकड्यापुढे एकक नसेल तर तो आकडा त्यांना ऐकूच यायचा नाही. "नुसता आकडा म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट. पोस्टमननं काय करायचं त्याचं?" असं ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. प्राचार्यांनी एका सभेत मोठ्या अभिमानाने सांगितलं, की यंदा उपस्थिती सत्तर आहे. मागच्या बाकावरून सरांनी विचारलं, "टक्के की डोकी?" प्राचार्य घुटमळले, कारण ती डोकी होती.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती भांडणाने. प्रॅक्टिकलच्या वर्गात मी लंबकाचा प्रयोग केला होता. उत्तर चांगलं नऊशे अठ्ठ्याहत्तर आलं होतं, आणि त्याच्यापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. सरांनी जर्नल उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नऊशे अठ्ठ्याहत्तर काय? बोंबील?"

वर्ग हसला. मी कोळीवाड्यातली, खाडीकाठची. माझी आई बाजारात मासळी विकते हे वर्गाला माहीत होतं, सरांना नव्हतं. त्यांच्या तोंडात जे पहिलं आलं ते ते बोलले होते. पण माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि मी फणकाऱ्याने म्हणाले, "सर, बोंबील मोजून विकत नाहीत. वाट्यावर विकतात."

दुसरा कुणी मास्तर असता तर मला वर्गाबाहेर काढलं असतं. सरांनी चष्मा परत नाकावर आणला. "वाटा?" ते म्हणाले. "वाटा म्हणजे किती?"

"म्हणजे ढीग असतो, सर. एक ढीग म्हणजे एक वाटा."

"ते कळलं. पण किती? कशात?"

मी अठरा वर्षं त्या वाट्यांवर वाढले होते आणि वाटा किती असतो हे मला माहीत नव्हतं. सरांनी जर्नलवर लाल पेन्सिलीने गोल काढला, खाली 'सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग' असं लिहिलं, आणि त्याच्याही खाली, अगदी बारीक अक्षरात, 'वाटा = ?'.

पुढच्या रविवारी सकाळी ते मासळी बाजारात हजर. एका हातात नाकावर धरायचा रुमाल, दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा. वर्तकनगरच्या वसाहतीत राहणारा, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस. मी आईशेजारी बसले होते. त्यांना बघून मला पाटीखाली शिरावंसं वाटलं. सरांनी आईला नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं, आणि तीन वाटे वजन करून बघण्याची परवानगी मागितली. आईला वाटलं, सरकारी माणूस आहे.

तिन्ही वाट्यांची वजनं तीन तऱ्हांची आली. सरांनी ती वहीत उतरवली आणि ते काळजीत पडले. "बाई, हे तिन्ही वेगळे आहेत. मग वाटा नेमका केवढा?"

"मास्तर, वाटा म्हंजे वाटा," आई म्हणाली. "त्याला कवरा काय इचारता? सकालचा वाटा येगला, उन्हं चरली का येगला. अन वलकीचा मानूस आला का त्याच्याहून येगला."

"पण मग तुम्हाला स्वतःला कसं कळतं?"

"मना कलतंय ना. मीच लावलंन ते."

सर तिथे तासभर उभे होते. आईचं गणित हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. तिच्या पाटीत किती वाटे पडणार, दुपारपर्यंत किती उठले पाहिजेत, उरतील त्यांचे किती करायचे, हे सगळं ती वाट्यांमध्येच चालवायची आणि कधी चुकायची नाही. किलो लागायचा तो फक्त बाहेरच्या खानावळवाल्यांना. त्यांच्यासाठी शेजारच्या मावशीकडे तागडी होती. निघताना आईने एक वाटा बळेच कागदात बांधून सरांच्या हातात दिला. सर नाही म्हणू शकले नाहीत. ते पुडकं घेऊन ते बसने वर्तकनगरला गेले, आणि काकूंनी त्यांना दारातच थांबवून आधी पुडकं शेजाऱ्यांकडे पोचवायला लावलं आणि मग अंघोळीला पाठवलं. सोमवारी वर्गात सरांनी फळ्यावर तीन वजनं लिहिली आणि पाऊण तास वाट्यावर व्याख्यान दिलं. माझ्याकडे न बघता शेवटी म्हणाले, "परवा मी एक उदाहरण दिलं होतं. ते चुकीचं होतं. बोंबील मोजत नाहीत." एवढीच त्यांची माफी. त्यानंतर वर्गात मला कुणी मासळीवरून बोललं नाही.

त्यांच्या घरी माझं जाणं सुरू झालं ते तेव्हापासून. वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत सरांचा कायदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच चालायचा. पलीकडे काकूंचा अंदाज होता. सरांनी एकदा काकूंची चिमूट तोलली. म्हणजे काकूंनी मिठाची चिमूट घेतली की ती कागदावर टाकायला लावायची आणि प्रयोगशाळेच्या तराजूत वजन करायची, अशी वीस वेळा. सरासरी काढून 'एक चिमूट' किती ग्रॅमची ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. पुढे काकू माहेरी गेल्या तेव्हा सरांनी त्या तक्त्यावरून आमटी केली. मी ती खाल्ली आहे. काकू परत आल्यावर त्यांनी एक चमचा चाखला आणि म्हणाल्या, "अहो, ती चिमूट माझ्या आमटीची होती. तुम्ही पाणी किती घातलंत?" सरांनी पाणी मोजलंच नव्हतं. कपाटावरचा तक्ता दुसऱ्या दिवशी गायब झाला.

मी एम.एस्सी. झाले, आणि मुंबईत एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सर तोवर निवृत्त झाले होते. माझा विषय होता दोन दीर्घिकांची टक्कर. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा मोठा थवा. असे दोन थवे एकमेकांजवळ आले तर गुरुत्वाकर्षणाने मिसळून एक कसे होतात आणि त्याला किती काळ लागतो, हे मी संगणकावर घडवून बघत होते. आमच्या कोळीवाड्यात याबद्दल एवढंच माहीत होतं की वनिता चांदण्यांचं काहीतरी करते, आणि अजून तिचं लग्न नाही.

अशा कामात खरे आकडे संगणकाला देता येत नाहीत. दीर्घिकेचं वस्तुमान ग्रॅममध्ये लिहायचं तर एकावर चव्वेचाळीस शून्यं, आणि आमच्या तेव्हाच्या यंत्राला अडतीसच्या पुढे चक्कर यायची. म्हणून आपली मापं आपणच ठरवायची. लांबी एक म्हणजे एक किलोपार्सेक, सुमारे सव्वातीन हजार प्रकाशवर्षं. वस्तुमान एक म्हणजे हजार कोटी सूर्य. आणि गुरुत्वाकर्षणाचा जो स्थिरांक शाळेपासून आपण घोकतो, तो सरळ एक धरायचा. मग संगणक लहान लहान आकड्यांत खूश असतो. उत्तरं आली की त्यांना परत खऱ्या मापांत आणायचं.

हे मी सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. सर चहा पीत होते. "स्थिरांक एक?" ते म्हणाले. "कशात?"

"कशातच नाही, सर. नुसता एक."

सरांनी कप बशीत ठेवला. तीस वर्षं ज्या पोरांना त्यांनी या एकाच गोष्टीसाठी पिळून काढलं, त्यांतली एक येऊन सांगत होती की विश्वाचा सर्वांत मोठा स्थिरांक पत्ता न लिहिताच पाकिटात घातलाय. मी निघाले तेव्हा ते "जपून जा"सुद्धा म्हणाले नाहीत, आणि काकूंनी खिडकीतून मला खूण केली की दोन दिवसांनी बघू.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'चि. वनिता हिस. विचार केला. तुझा संगणक आणि तुझी आई एकाच पद्धतीने व्यवहार करतात. आत वाटा, बाहेर किलो. आईचे चालते, तर तुझेही चालेल. मात्र वाटा किती किलोचा, हे गिऱ्हाइकाला सांगण्याची जबाबदारी तुझी. दुसरे असे की लांबी आणि वस्तुमान तू निवडलेस आणि स्थिरांक एक धरलास, की काळाचे माप तुला निवडता येणार नाही. ते आपोआप ठरेल. किती ठरते ते कळव.'

मी उलट टपाली कळवलं, सत्तेचाळीस लाख वर्षं. म्हणजे माझ्या संगणकात घड्याळ एकने पुढे सरकलं की बाहेर सत्तेचाळीस लाख वर्षं गेलेली असायची. सर हरखून गेले. महिनाभर त्यांनी घरात हेच माप चालवलं. काकूंनी विचारलं, "दळण आणायला किती वेळ लागेल?" तर म्हणाले, "आपल्या हिशेबात अर्धा तास. वनिताच्या हिशेबात लागणारच नाही." काकू म्हणाल्या, "मग वनितालाच पाठवा." त्या रविवारी मी गेले तेव्हा डबा खरंच माझ्या हातात दिला.

आता त्या प्रबंधाबद्दल. चार वर्षं संपत आली होती. माझं मुख्य उत्तर तयार होतं. माझ्या दोन दीर्घिका संगणकातल्या शंभर मापांत एक होत होत्या, म्हणजे सत्तेचाळीस कोटी वर्षांत. विश्वाच्या मानाने हे फारच झटपट. माझे मार्गदर्शक खूश होते, त्यांनी दोन ठिकाणी हे बोलूनही दाखवलं होतं. परदेशातल्या एका विद्यापीठाने याच उत्तरावर मला जागा देऊ केली होती. अट एकच, जूनच्या आत प्रबंध सादर झाला पाहिजे. आमच्या घरातून तोवर कुणी ठाण्याच्या पलीकडे नोकरीला गेलं तर ते कळव्याला. आईने माझ्यासाठी एक लोकरीचा स्वेटर घेऊन ठेवला होता आणि तो एप्रिलच्या उकाड्यात घालून बघायला लावला होता.

टंकलिखित प्रत घेऊन मी सरांकडे गेले ते खरं तर शाबासकी घ्यायला. सरांनी पेन्सिल मागितली. पहिली शंभर पानं शांततेत गेली. मग ते सगळ्यात शेवटच्या परिशिष्टावर आले, जिथे मी संगणकाने छापलेले तक्ते तसेच जोडले होते. मी स्वतः ते कधी वाचले नव्हते.

"वनिता, हा तारा तू आपल्या सूर्याच्या जागी ठेवलायस ना?"

"हो सर."

"दीर्घिकेच्या केंद्राभोवती एक फेरी सव्वाचार कोटी वर्षांत मारतो म्हणतेस. पुस्तकात तर आपल्या सूर्याला बावीस-तेवीस कोटी लागतात. ह्याला एवढी घाई कसली? गाडी सुटतेय?"

मी म्हणाले, मॉडेल आहे, थोडाफार फरक राहणारच. सर म्हणाले, पाचपट म्हणजे थोडाफार नव्हे. मी म्हणाले, तो तक्ता महत्त्वाचा नाही. ते म्हणाले, मग छापलास कशाला? माझा आवाज चढला. जून दीड महिन्यावर आला होता. शेवटी मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "सर, तुम्ही दीर्घिकांचं काम केलेलं नाही."

सरांनी पानं नीट एकावर एक लावली, दोरी बांधली आणि बाड माझ्या हातात दिलं. "ते खरं आहे," म्हणाले. काकू आतून पोहे घेऊन आल्या तेव्हा मी चपला घालत होते.

घरी आले तर दुपार टळत होती आणि आई ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसून वही काढली, सर चुकले आहेत हे सिद्ध करायला. दहा मिनिटंही लागली नाहीत. मध्यंतरी मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मी माझ्या दीर्घिका आकाशगंगेएवढ्या मोठ्या केल्या होत्या. लांबीचं माप एक किलोपार्सेकवरून तीन केलं होतं. सगळ्या लांब्या मी इमानदारीने तिपटीने वाढवल्या. पण लांबी बदलली की काळाचं मापही लांबीच्या घनाच्या वर्गमुळाने आपोआप बदलतं, आणि ते मी जुनंच ठेवलं होतं. तीनचा घन सत्तावीस, त्याचं वर्गमूळ पाच आणि थोडं वर. सत्तेचाळीस लाख नव्हे, जवळजवळ अडीच कोटी. सूर्याची फेरी बरोबर बावीस कोटींवर आली. आणि माझ्या झटपट एक होणाऱ्या दीर्घिकांना सत्तेचाळीस नव्हे, दोनशे पंचेचाळीस कोटी वर्षं लागत होती. माझा सगळा प्रबंध 'झटपट' या एका शब्दावर उभा होता.

मी रडतेय हे आईला आधी कळलं, मला नंतर. "काय झालं गो?"

तिला काय सांगणार? मी म्हणाले, "आय, पाटी मोठी घेतली, पण वाटा जुनाच समजून विकला."

"मंग सांग गिऱ्हाइकाला."

"कुणाला कळलं नाही अजून. शेवटच्या पानावर होतं ते. काढून टाकलं तर कुणी बघणारही नाही."

आईने बोंबील पालथा करून बघितला आणि बाजूला टाकला. "गिऱ्हाइक घरी जाऊन मोजतं गो," ती म्हणाली. "अन मास्तरानं मोजलं ना."

दुसऱ्या दिवशी मी मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळे तक्ते पुन्हा कर." जूनची मुदत हातची गेली. परदेशातली ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. स्वेटर ट्रंकेत गेला. आणि मला राग कुणाचा आला, तर सरांचा. ते बरोबर होते याचा राग. मी वर्तकनगरला जायचं बंद केलं. तीन आठवडे गेले असतील.

मग एका दुपारी सरच आमच्या दारात. बगलेत छत्री, हातात पिशवी, पिशवीत लॉगॅरिथमचं पुस्तक. कोळीवाड्याच्या गल्लीत पत्ता विचारत विचारत आले होते, त्यामुळे मागे चार बायका आणि एक कुत्रं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले, "मी दीर्घिकांचं काम केलेलं नाही, हे बरोबर आहे. पण मला गुणाकार येतो. तक्ते खूप असतील, म्हणून आलो."

आईनेच त्यांना आत बसवलं. "मास्तर, चाय चालल ना आमचे घरची? साखर दोन घालू?"

"घाला," सर म्हणाले.

दोन काय, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस घाबरलेला आहे. मी बोलेन की नाही, या काळजीत तो वर्तकनगरपासून इथवर आला होता. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन उगाचच भांडी हलवत बसले.

पुढचे तीन आठवडे सर रोज दुपारी आले. संगणकाने केलेलं प्रत्येक रूपांतर ते हाताने पडताळायचे, आणि ओट्यावर बसून आकडा एककासकट मोठ्याने म्हणायचे. शेजारच्या मावश्या मासळी निवडता निवडता ऐकायच्या. एक जण म्हणाली, "मास्तर काय मंत्र बोलतंय गो?" दुसरी म्हणाली, "वनीच्या लग्नाचं काय तरी असल." आठवड्याने त्या मावश्याही "कोटी वर्षं" असं सरांच्या मागून म्हणू लागल्या. झटपट एक होणाऱ्या दीर्घिकांचा माझा प्रबंध आता रेंगाळत एक होणाऱ्या दीर्घिकांचा झाला. खरं सांगायचं तर तो आधीपेक्षा चांगला झाला, पण हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी त्या तक्त्यासाठी पाच उत्तरं पाठ करून गेले होते. परीक्षकांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांचा सगळा राग माझ्या संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर होता. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. "सूर्याबद्दल काहीच नाही?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पुढल्या वर्षी मला दुसऱ्या देशात दुसरी जागा मिळाली. तोवर सर आणि काकू वर्तकनगर सोडून डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेले होते. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि पायांनाही सूज असायची. निघण्याच्या दोन दिवस आधी मी प्रबंधाची बांधलेली प्रत द्यायला गेले. निळं कापड, सोनेरी अक्षरं. आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं. सरांनी ते पान उलटलं आणि थेट तक्त्यांवर गेले. भिंग मागवलं, पेन्सिल मागवली.

ते एकेका रकान्याच्या डोक्यावर भिंग धरत, ओठ हलवत एकक वाचत आणि पुढे जात. मी समोर बसून होते. काकूंनी एकदा चहा केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा थालीपीठ केलं. मग त्यांना राहवेना. "अहो, पोरगी परवा चालली. तिच्याशी दोन शब्द बोला की."

"बोलतोय ना," सर मान वर न करता म्हणाले.

दोन तासांनी शेवटचा तक्ता संपला. सरांनी भिंग बाजूला ठेवलं. पेन्सिलीचं टोक जसं दिलं होतं तसंच होतं. "काही सापडलं नाही," ते म्हणाले.

"मग चांगलंच झालं ना, सर?"

"चांगलंच झालं." त्यांनी प्रत बंद करून मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. "आता तुझ्यात मला काही काम उरलं नाही. नीघ तू. उशीर होईल."

मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. मला खरंच उशीर झाला होता, बॅगा भरायच्या होत्या. दीड वर्षाने काकूंचं पत्र आलं. सर गेले होते, आणि पत्र माझ्यापर्यंत पोचेपर्यंत तेरावाही होऊन गेला होता.

माझ्या हातून पुढे बरंच काम झालं, त्यात चुका फारशा नाहीत असं लोक म्हणतात. पण डोंबिवलीची ती दुपार आठवली की वाटतं, मी एखादा रकाना तरी मुद्दाम एककाशिवाय सोडायला हवा होता. सरांना तो सापडला असता, ते माझ्यावर ओरडले असते, आणि मला तिथे अजून थोडा वेळ बसता आलं असतं.